दुसऱ्या तारखेआधी

माझे वडील वारले तेव्हा त्यांचा घटस्फोट व्हायला सव्वा महिना उरला होता.

ते अडुसष्ट वर्षांचे होते. नाव वाल्मीक. अंबडच्या एका कारखान्यात टूलरूममधून क्वालिटीला गेले आणि तिथूनच निवृत्त झाले. आई, उज्वला, एकसष्टची. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली होती. एका सकाळी मेथी निवडता निवडता आई म्हणाली, "मला कुणाची बायको म्हणून मरायचं नाही." बाबांनी पेपर खाली ठेवला. "बरं," ते म्हणाले, "प्रोसेस काय असते, विचारून येतो."

हे मला दोघांनी वेगवेगळं सांगितलं. दोघांच्या सांगण्यात मेथीसकट कुठेही फरक नव्हता.

"बाबांनी काय केलं?" मी आईला विचारलं.

"काही नाही."

"मग?"

"मग काय? काहीतरी केल्याशिवाय माणसाला सोडताच येत नाही का?"

तिचं लग्न नामपूरच्या कांदा मार्केटात ठरलं होतं. लिलाव थांबला होता आणि माझ्या दोन्ही आजोबांना वेळ होता. संध्याकाळी घरी आल्यावर तिच्या वडिलांनी आधी कांद्याचा भाव सांगितला, मग लग्नाची तारीख. आईने ही गोष्ट मला लहानपणापासून अनेकदा सांगितली आहे, आणि दर वेळी हसून. त्यामुळे ती विनोदी गोष्ट आहे असाच माझा समज होता.

वकील सविता मॅडमनी प्रोसेस समजावून सांगितली. एक वर्ष वेगळं राहायचं. मग दोघांनी मिळून एकच अर्ज करायचा. कुणी कुणावर आरोप करायचा नाही, भांडी-कुंडी, घर, देणं-घेणं आधीच ठरवून लिहून द्यायचं. पहिल्या तारखेला कोर्ट विचारणार, राजीखुशीने आलात का? मग सहा महिने थांबायचं. दुसऱ्या तारखेला कोर्ट पुन्हा विचारणार, अजून ठाम आहात का? दोघं हो म्हणाले की संपलं. बाबांनी वहीत याचा फ्लोचार्ट काढला आणि बाणांच्या दिशा मॅडमकडून तपासून घेतल्या.

वेगळं राहायचं म्हणून बाबांनी देवळाली कॅम्पात खोली घेतली. रविवारी बसने सिडकोतल्या घरी येत, गॅसचा रेग्युलेटर बघत आणि जाताना डबा घेऊन जात. हे कळल्यावर सविता मॅडमनी हातातलं पेन टेबलावर ठेवलं.

"काका, कोर्टात डब्याचं काढू नका."

"खोटं सांगायचं?"

"खोटं नाही. विचारलं तर सांगा. नाही विचारलं तर आपणहून सुरू करू नका."

न विचारता गप्प बसणं हेही बाबांच्या हिशेबात खोट्यातच जमा होत होतं. त्यांनी डबा बंद केला. पुढचे दोन रविवार आईकडून भाजी जास्त झाली.

पहिल्या तारखेला न्यायाधीशांनी आईला विचारलं, "तुमच्यावर कुणाचा दबाव नाही ना? तुमची स्वतःची इच्छा आहे?" आई हो म्हणाली. परतताना मी रिक्षात तिच्याबरोबर होते. मुंबई नाक्याच्या सिग्नलला म्हणाली, "विचारलं गं त्यांनी मला. आणि उत्तर येईपर्यंत थांबले." मग थोड्या वेळाने, "पुन्हा विचारणार आहेत."

त्या संध्याकाळी तिने मंगळसूत्र काढलं. फासा अडकला होता, तो बाबांनी घरी येऊन नोज प्लायरने सोडवून दिला.

सहा महिन्यांची ती मुदत माफ करून मागता येते, वय बघता कोर्ट ऐकेल, असं मॅडम म्हणाल्या होत्या. बाबांनी नकार दिला. "हार्डनिंग केलेला जॉब घाईने बाहेर काढला की तडा जातो. सहा महिने म्हणजे सहा महिने." मॅडमना हार्डनिंग माहीत नव्हतं, पण मुद्दा कळला.

पाचव्या महिन्यात, एका मंगळवारी सकाळी साडेअकराला, देवळालीच्या एका सलूनमधून मला फोन आला. रंगनाथ नावाचे दाढी करणारे बोलत होते. "ताई, काका खुर्चीत झोपलेत असं वाटलं. उठत नाहीयेत. डॉक्टरांना आणलं समोरून. ते नाही म्हणाले." मग जरा थांबून, "एका बाजूची झाली होती दाढी. दुसरी करू का?"

"करा," मी म्हटलं.

अग्नी मी दिला. मुलीने द्यावा की नाही यावर कुणाला बोलायला वेळ मिळाला नाही, कारण सगळे घटस्फोटाबद्दल बोलत होते. बाबांनी धसका घेतला, असं पहिल्या दिवशी ठरलं. दुसऱ्या दिवशी प्रश्न निघाला की आईला सुतक किती. गुरुजींना फोन केला.

"केस कुठवर आली होती?" गुरुजींनी विचारलं.

"पहिली तारीख झाली होती. दुसरी व्हायची होती."

गुरुजींनी विचार केला. "हुकूम हातात नाही ना? मग पूर्ण सुतक."

सविता मॅडम भेटायला आल्या तेव्हा त्यांनीही तेच सांगितलं. हुकूम नाही, म्हणजे पत्नी. एक अर्जदार गेला की अर्ज आपोआप संपतो. दुसऱ्या तारखेला मृत्यूचा दाखला द्यायचा, बाकी काही नाही.

"म्हणजे विचारणार नाहीत?" आई म्हणाली.

"आता विचारण्यासारखं काही राहिलं नाही ना काकू."

आई उठून चहाचं आधण ठेवायला गेली. शास्त्र आणि कायदा यांचं एवढं एकमत मी तरी आधी पाहिलं नव्हतं.

नवव्या दिवशी कुसाआत्या नामपूरहून आली. ती बाबांची थोरली बहीण, तिशीतच विधवा झालेली. तिने पिशवीतून काळ्या मण्यांची एक नवी पोत काढली आणि टीपॉयवर ठेवली. सोबत हिरव्या बांगड्या, आणि दोन्ही ज्यात गुंडाळलेलं होतं तो कागद.

"हे कशाला?" मी विचारलं.

"उद्या घाटावर लागंल ना. हिच्या गळ्यात काय हाय तोडायला? हातात काय हाय फोडायला? काहीच नाय. मंग दहावा व्हईल कसा?"

"म्हणजे आधी बांधायचं?"

"बांधायचं, आन् तोडायचं. पाच मिनटाचं काम. मना भाऊ व्हता तो. त्याच्या मागं बायको हाय का नाय, त्यालाबी कळायला नको?"

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मी थकले होते. नऊ दिवस मी माणसांना चहा देत होते आणि बाबांच्या खोलीच्या चावीवरचं त्यांच्या हातचं लेबल रोज वाचत होते: "दे. कॅम्प, मुख्य दार." मी म्हटलं, "करून टाक ना आई. पाच मिनिटं तर आहेत."

आईने माझ्याकडे पाहिलं. "तू मला सांगतेस का विचारतेस?"

मी सांगत होते. हे मला चहाचे कप उचलताना कळलं.

"तिनं नाय ऐकलं तं?" आत्या माझ्या मागे आत आली. "स्नेहल, उद्या नामपूरची जीप भरून बाया येनार हायेत. त्यांना मी काय दाखवू?"

दहाव्याला सकाळी आम्ही गोदाघाटावर होतो. सिमेंटची पायरी सातलाच तापायला लागली होती. गुरुजींनी पिंड मांडले. पुरुष एकीकडे बसले. नामपूरच्या सहा-सात बायका वरच्या पायरीवर पदर घेऊन थांबल्या. त्यांच्यातल्या लताबाई सगळ्यांत वयस्क. असल्या कामांना गावात त्यांनाच बोलावतात, कारण त्यांचा हात सराईत आहे.

आत्याने आईला खांबाआड नेलं. मी बरोबर गेले. आत्याने कागद सोडला, पोत दोन्ही हातांत धरली आणि आईच्या मागे जाऊन उभी राहिली. आई ताठ बसली होती. कोर्टातही बोलावेपर्यंत ती अशीच बसली होती.

"आत्या," मी म्हटलं, "तिला विचार."

"काय इचारू?"

"बांधू का म्हणून."

"हात तिच्या! त्यात इचारायचं काय शे? असं कुनी इचारतं व्हय? मला इचारलं व्हतं कुनी? तीस वर्साची व्हते मी, पोर पाठीशी. दोघींनी हात धरले मनं, आन् तिसरीनं दगडावर..." ती थांबली. पोत तिच्या हातात तशीच होती. खाली गुरुजींनी तीळ मागितले, कुणीतरी दिले.

"बरं," आत्या म्हणाली. मग घसा खाकरला. घरातली पोरं जेवली का, हे ती जशी विचारते तशी जरा मोठ्याने म्हणाली, "उज्वला. बांधू का?"

आई खरोखर विचार करत होती. कपाळावर आठी आली होती, भाजीवाल्याकडे दोन जुड्यांमधली एक निवडताना येते तशी. बाबा असते तर त्यांनी घड्याळ पाहिलं नसतं. ते माझ्या लक्षात आलं आणि मी खांबाला पाठ टेकली.

"नको, आक्का," आई म्हणाली.

"नको?"

"नको."

"पानी देशील?"

"देईन ना. पाणी द्यायलाच आलेय."

आत्याने पोत परत कागदात गुंडाळायला घेतली. मणी निसटत होते, तिला जमेना. शेवटी तिने ती तशीच चोळीत खोचली आणि बाहेर गेली. आई उठून खाली पाण्याकडे गेली. मी खांबाशीच राहिले, त्यामुळे पुढचं मला ऐकू आलं.

"उरकलं?" लताबाईंनी विचारलं.

"नाय," आत्या म्हणाली.

"मी येऊ? हात लावू का?"

"नको म्हनली ती."

"नको म्हनली? अन् तिला इचारलं कुनी?"

"मी."

लताबाईंनी पदर मागे घेऊन आत्याकडे नीट पाहिलं. "तू इचारलं?"

"इचारलं तं इचारलं. मनी काय जीभ झिजली?"

बाकीच्या बायका जवळ सरकल्या. खाली गुरुजी आईला ओंजळ कशी धरायची ते दाखवत होते आणि आई ती धरत होती.

"आन् मंग?" लताबाई म्हणाल्या.

"मंग काय," आत्या म्हणाली. "नाय बांधलं."