डब्यातली मावशी

घुर्रर्र… घुर्रर्र…

दुपारच्या शांततेत पत्र्याचा डबा घुमायला लागला. कधीकाळी त्यात बिस्किटं होती, आता बटणं, हुक आणि चेन. झाकणावर फोन ठेवलेला. त्याची घंटी तिने कधीच बंद केली होती, थरथर मात्र चालू ठेवली होती. न जाणो, नवऱ्याचा फोन असायचा.

"आई, डबा बोलतोय," जमिनीवर चिंध्यांची बाहुली गुंडाळत बसलेली चिमी म्हणाली.

"बोलू दे."

"उचल ना."

"डब्यांशी बोलत नसतात."

पाच वर्षांच्या पोरीला हे पटण्यासारखं नव्हतंच. तिने आईकडे असं पाहिलं, की बाई, एवढी मोठी झालीस आणि हेही कळत नाही तुला? डबा थोडा वेळ घुमला, दमला, गप्प झाला. आईने पुन्हा मशीनवर पाय ठेवला.

घर जाऊन तीन वर्षं होत आली होती. दोन खोल्या आणि एक अरुंद गॅलरी, एवढंच ते घर. नवऱ्याचा कारखाना बंद पडला, हप्ते थकले आणि एके दिवशी बँकेची माणसं दाराला आपलं कुलूप लावून गेली. पुढे लिलाव झाला. मातीमोल भावाने. तिला वाटलं, चला, घर गेलं तर गेलं, डोक्यावरचं ओझं तरी उतरलं. कसलं काय! हत्ती गेला आणि शेपूट राहिलं. लिलावात कमी पडलेली रक्कम, त्यावरचं दंडव्याज, रिकाम्या घराची राखण करणाऱ्याचा पगार, सगळं त्यांच्याच नावावर चढलं. त्यांच्याच दाराला लावलेल्या कुलपाची किंमतसुद्धा! घर एवढ्या स्वस्तात कुणाला दिलंत, असं तिने दोनदा लेखी विचारलं. उत्तर आलं नाही. उलट, रद्दी विकावी तसं बँकेने ते शेपूट एका वसुली कंपनीला विकून टाकलं.

कंपनीने नवऱ्याच्या नव्या नोकरीच्या जागी जाऊन एवढा तमाशा केला, की मालकाने त्याला हात जोडले. मग तो लांबच्या शहरात गेला, एका गोदामात रोजंदारीवर. तिथे त्याला नाव विचारणारं कुणी नव्हतं. कंपनीचे फोन जावेला गेले, भावाला गेले, शेजारणींना गेले. मग जावेचा फोन लागेना, भाऊ सदा कामात, आणि शेजारणी जिन्यात दिसल्या की त्यांना एकदम घरात काहीतरी उतू गेल्याची आठवण व्हायची. इथे भाड्याच्या खोलीत ती, चिमी आणि मशीन. गिऱ्हाईक यायचं, पँट टाकायचं, "उद्या नेतो" म्हणायचं. दिवसभरात कानावर पडणारं मोठ्या माणसाचं बोलणं ते तेवढंच.

मोफत सल्ला देणाऱ्या वकीलबाईंकडे ती गेली होती. बाई जाडजूड, चष्मा कपाळावर ठेवून तोच शोधणाऱ्या.

"यांनी अजून कोर्टात दावा लावलेला नाही," कागद चाळून त्या म्हणाल्या. "फोनवर घाबरवणं स्वस्त पडतं ना! तीन वर्षांची मुदत असते, ती या महिनाअखेर संपते. तोवर तुम्ही काहीही भरायचं नाही. एक पैसा जरी भरलात तर कर्ज कबूल केल्यासारखं होतं आणि मुदत पुन्हा पहिल्यापासून सुरू."

"एक पैसासुद्धा?"

"एक पैसासुद्धा. आणि त्यांच्याशी बोलूही नका. घराला बँकेने कुलूप लावलं ना, तोंडाला आता तुम्ही लावा."

"सासूबाई म्हणायच्या, बोलणाऱ्याची बोरंसुद्धा विकली जातात."

"जाऊ देत. आपल्याला काही विकायचंय का?"

ती हसली होती. किती दिवसांनी कोण जाणे.

नवऱ्याला रविवारी हे सांगितलं तेव्हा त्याने आधी महिनाअखेरपर्यंतचे दिवस मोजले. मग तो म्हणाला, "मुदत संपली की दुसऱ्या दिवशी गाडीत बसतो." दारामागच्या खुंट्यांपैकी एक तिने रिकामी करून ठेवली. ती बाबांची, असं चिमीने जाहीर केलं आणि तिच्यावर बाहुलीलाही टांगू देईना.

आधी वसुलीला पुरुष असायचे. बोलायचे कसले, भुंकायचे. मग त्याच नंबरावर एक बाई आली. पहिल्यांदा फोन उचलला तो चिमीने, आई पाणी भरायला गेली असताना.

"मी चिमी. तू कोण?… हो, जेवले. भेंडी नव्हती, म्हणून जेवले."

आईने येऊन फोन ओढून घेतला. ठेवणार, तोच आवाज आला, "ताई, ठेवू नका. फोन लागला एवढीच नोंद करायची असते मला. बोलू नका हवं तर."

ती बोलली नाही. पण तिने फोन ठेवलाही नाही. तो खांद्याशी धरून ती चेन लावत राहिली आणि पलीकडची बाई नुसती श्वास घेत राहिली. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी पलीकडून आलं, "मशीन ऐकू येतंय. काय शिवताय?"

कर्जाबद्दल बोलायचं नाही एवढंच, असं तिने मनाशी ठरवलं. बाकीच्याला कुठे बंदी आहे?

"एका साहेबांच्या पँटची चेन. तिसऱ्यांदा आणलीये. सुटलाय माणूस, आणि दोष चेनला."

पलीकडची बाई खळखळून हसली. त्या हसण्याने खोली जरा मोठी झाल्यासारखी वाटली.

मग ते रोजचंच झालं. तीही त्यांच्यातलीच, हे ती स्वतःला रोज बजावायची आणि रोज दुपारी डब्याकडे कान लावून बसायची. कधी मन घट्ट करून तो वाजू द्यायची, आजच्यासारखा. चिमीचा खोकला, महागलेला दोरा, न येणारी झोप, कर्ज सोडून सगळं बोलून व्हायचं. नवऱ्याला यातलं काही तिने सांगितलं नाही. चिमीने मात्र नातं जोडून टाकलं होतं. डब्यातली मावशी!

डबा पुन्हा घुमला. या वेळी ती उठली.

पलीकडे तान्हं मूल रडत होतं.

"तुमचं?"

"हो. सांभाळायला कुणी नाही म्हणून घरूनच फोन करते. उद्यापासून बहुतेक तेही नाही." बाईचा आवाज बसलेला होता. "या महिन्यात माझ्या नावावर एकही भरणा नाही. साहेब म्हणाले, एक तरी खातं हलवून दाखव, नाहीतर घरी बस. घरीच तर बसलेय, म्हटलं."

दोघींपैकी कुणीच हसलं नाही.

"मी तुम्हाला म्हणत नाहीये हं, ताई. तुम्ही नकाच भरू."

मूल रडतच होतं. ते रडणं भुकेचं नव्हतं. झोप आलीये आणि घ्यायला कुणी मोकळं नाही, तसलं. हे रडणं तिच्या ओळखीचं होतं. चिमी दोन वर्षांची असताना, दाराशी बँकेची माणसं उभी होती तेव्हा, ती अशीच रडली होती. तेव्हा तिला उचलायलाही कुणी पुढे आलं नव्हतं.

वकीलबाईंचे शब्द तिला आठवत नव्हते असं नाही. अक्षर न् अक्षर आठवत होतं. पण एका चेनच्या मजुरीने असं काय होणार? हत्तीच्या शेपटीवरचा एक केस! आणि या बाईने तर मागितलंही नव्हतं. मागितलं असतं, तर तिने दिलं नसतं.

मशीनवरून हात काढून तिने फोनवरून कंपनीच्या खात्यात एका चेनची मजुरी पाठवली.

पलीकडे बराच वेळ नुसतं रडणंच ऐकू येत राहिलं. "मिळाले," बाई अगदी हळू म्हणाली. "ताई…" आणि पुढचं गिळून टाकलं. "ठेवते हं."

दुसऱ्या दिवशी डबा घुमला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मग कंपनीचा निरोप आला: थकबाकी मान्य करून भरणा सुरू केल्याबद्दल आभार, उरलेल्या रकमेसाठी कोर्टाची नोटीस वेगळी येईल.

वकीलबाईंनी तो वाचला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"कुणी भरायला सांगितलं?"

"कुणीच नाही."

"मग का भरलेत?"

"बाळ रडत होतं."

बाईंनी चिमीकडे पाहिलं. "ही?"

"नाही. दुसरं."

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "लिलावाच्या भावावरून भांडता येईल," त्या म्हणाल्या. "भांडू या. पण ते लांबचं काम आहे. तोवर यजमानांना म्हणावं, आहात तिथेच राहा."

रविवारी तिने सांगितलं. सगळं सांगितलं, दुपारची ती बोलणीसुद्धा.

"बरं," तो म्हणाला. थोड्या वेळाने पुन्हा, "बरं." मग गोदामात कुणीतरी हाक मारली, किंवा मारली असं तो म्हणाला.

संध्याकाळी तिने त्या नंबरावर उलटा फोन लावून पाहिला. काय बोलणार होती, तिचं तिलाही ठाऊक नव्हतं. शिव्या देणार होती? की जेवलात का, असं विचारणार होती? ध्वनिमुद्रित आवाजाने सांगितलं, या क्रमांकावर फोन घेतले जात नाहीत.

तिने फोन झाकणावर ठेवला आणि दिवा लावून साहेबांची पँट पुढ्यात ओढली. शेवटी कमरेला पट्टी जोडून द्यायचं ठरलं होतं. दारामागे ती एक खुंटी रिकामीच होती.

चिमी डब्याजवळ गेली. त्याला कान लावला. बोटाने टकटक केलं, पुन्हा कान लावला. आतली बटणं किंचित वाजली.

"झोपला का डबा?"

"हं."

चिमीने विचार केला. मग येऊन आईच्या गुडघ्यावर हनुवटी टेकली, आणि आत कुणी निजलेलं असावं तशा हळू आवाजात विचारलं,

"आई, आणि मावशीचं बाळ? ते खरंच रडत होतं ना गं?"