खळीवाली साखरबाहुली

बाब अल-बहरच्या आमच्या गल्लीत पोरं चालायला लागली की एक गोष्ट शिकतात. साखरेच्या बाहुलीला जिवंत माणसाचा चेहरा द्यायचा नाही. बाहुली मौलिदच्या, म्हणजे पैगंबरांच्या जन्मदिवसाच्या, सणाला विकायची आणि सण सरला की घरोघरी फोडून खायची. मग चेहरा कुणाचा असला तर आपण खातोय कुणाला? इतकं साधं आहे. पण माझा भाऊ बयूमी पडला साचे कोरणारा उस्ताद. हातात कसब आणि डोक्यात हवा!

त्याची एकुलती पोर इन्साफ. तिला जन्म देताना आई गेली, मीच तिला वाढवलं. तिच्या डाव्या गालावरच्या खळीवर बाप जीव टाकायचा. एका वर्षी त्याने लाकडात तीच खळी कोरली, तेच नाक, तेच ओठ. पाक चिकटू नये म्हणून साचा पाण्याच्या टाकीत भिजत पडला होता, तेव्हाच मी ओळखलं.

"बयूमी, ही आपली पोर आहे."

"मग? गल्लीत हिच्याहून देखणी कोण आहे? तू आपली भुवया रंगव, ताई."

सगळ्या बाहुल्यांच्या भुवया मीच काढते. त्या बाहुल्यांना मी ब्रश लावला नाही. त्याने स्वतः रंगवल्या.

लोकांना नुसतं वेड लागलं. "खळीवाली आहे का, खळीवाली?" लग्न ठरलेल्या मुलीला नवऱ्यामुलाने मौलिदला बाहुली द्यायचीच असते. ती खळीवालीच हवी, म्हणे तिच्या पायगुणाने लग्न लवकर लागतं. शिवाय बोलवा उठली की हिला मुंगी लागत नाही. शेजारची म्हातारी सुंबुल हे ऐकून म्हणाली, "मुंग्यांना मेलेलं बरोबर कळतं गं. जिवंताच्या वाटेला त्या जात नाहीत."

सण सरला, घरोघरी बाहुल्या फुटू लागल्या आणि इन्साफने अंथरूण धरलं. आज मनगट ठणकतंय, उद्या घोटा. डॉक्टरला काही सापडेना. पुढे दरवर्षी हेच. बाहुल्या दुकानात उभ्या आहेत तोवर पोर टवटवीत, नंतर पार चिपाड. माझा जीव तीळतीळ तुटायचा.

"तो साचा जाळ आधी!"

"बायकांच्या गप्पा! हवा बदलली की बाधते तिला."

"वा रे वा! हवा तुझी बरी सणाची वाट बघत बसते!"

त्याने ऐकलं नाही. मग इन्साफचं लग्न ठरलं, हुसनीशी. घड्याळं दुरुस्त करणारा साधा, गरीब गाय मुलगा. सणाला तो आजारी पडला होता, म्हणून उशिरा आला. एका दुकानात उरलेली शेवटची बाहुली घेऊन आला बिचारा. गुलाबी झगा, पाठीला कागदी पंखे, कमरेवर हात आणि गालावर खळी. इन्साफला तेव्हा उठून बसवत नव्हतं. तिने बाहुली उशाशी घेतली, कितीतरी वेळ बघितली.

"सगळ्यांनी मला खाल्लं, आत्या," ती म्हणाली. "एवढी एक तरी राहू दे."

बयूमी दारातच उभा होता. तो खाली गेला आणि कुऱ्हाडीने साच्याची ढलपी न ढलपी केली. ओलं लाकूड पेट घेईना. पाकाच्या भट्टीसमोर बसून, धुराने डोळे चोळत तो फुंकर घालत राहिला. राख होईपर्यंत उठला नाही.

गावातल्या उरल्यासुरल्या बाहुल्या संपल्या. ही एक राहिली आणि इन्साफ उठली. लग्न झालं. वरातीत पोरीने बाहुली स्वतःच्या मांडीवर धरली होती. सासूने थट्टा केली, "बाहुली आणलीस की सवत गं?" आता ती कपाटावर काचेच्या हंडीखाली असते, आणि कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत, मुंगी चुकूनही चढू नये म्हणून. उन्हाळ्यात साखरेला घाम फुटतो. खळी जराशी पुसट झाली आहे, पण ते कुणी बोलत नाही.

बयूमी रोज सकाळी पाव द्यायच्या निमित्ताने तिच्याकडे जातो आणि त्या वाट्या भरतो. मी चिडवते, "पोरीला भेटतोस की कपाटाला?" तो नुसता हसतो. इन्साफला आता दिवस गेले आहेत, त्यामुळे हल्ली तो जास्तच लवकर निघतो.

आज परत आला तो तसाच भट्टीपाशी बसला. पाव हातातच.

"काय रे, घरी नव्हती का पोर?"

"होती. हसली. चहा दिला."

"मग असा का बसलायस?"

त्याने माझ्याकडे बघितलं नाही.

"वाट्या काठोकाठ भरलेल्या होत्या, ताई," तो म्हणाला. "तरी काचेच्या आत एक मुंगी होती."