विंडोजवर कोणी तपासेल का?

छोटूचा फोन रविवारी सकाळी यायचा आणि आईच्या कपातला चहा निवायच्या आत संपायचा. बरी आहेस ना, वेळेवर जेवतेस ना, गोळ्या संपल्या नाहीत ना. तिची उत्तरंही ठरलेली. नाव छोटू असलं तरी गडी आता दारातून वाकून जाण्याइतका उंच, आणि दूरच्या शहरात नोकरीला. मायलेकांचं भांडण वगैरे काही नव्हतं. भांडण असतं तर मिटवता तरी आलं असतं. इथे मिटवायला काही नव्हतंच, आणि बोलायलाही नव्हतं.

हाच मुलगा एके काळी शाळेतून आला की तिच्या खुर्चीच्या हातावर बसून ‘हे काय लिहिलंस, ते तसंच का लिहिलंस’ करत तिचं डोकं खायचा. ती विंडोजसाठी प्रोग्राम लिहायची. औषधांच्या दुकानांतला साठा सांभाळणारा तिचा प्रोग्राम अजूनही कुरकुर न करता चालतो. कॉलेजात गेल्यावर चिरंजीवांनी गोट बदलला. घरच्या कॉम्प्युटरवरचं विंडोज पुसून लिनक्स टाकलं आणि वर आईला ऐकवलं, की तुझा कोड कुलपात असतो, आमचा सगळ्या जगाला खुला. ती तेव्हा हसली. पण त्यानंतर तिच्या कामाबद्दल त्याने कधी काही विचारलं नाही, आणि तिनेही आपणहून सांगितलं नाही.

तर यंदा तिच्या ऑफिसच्या मालकाला वेबसाइट हवी झाली. दुकानदारांना सूचना द्यायच्या, मदतीची पानं लिहायची, आणि ती कोणालाही सहज बदलता आली पाहिजेत. अशा कामाला तयार सिस्टीम मिळतात. तिने दोन-तीन पाहिल्या आणि एक ओपन सोर्स, म्हणजे जिचा कोड सगळ्यांना खुला असतो अशी, सिस्टीम निवडली. मालकाला सांगितलं, ही फुकट आहे. ‘फुकट ते पौष्टिक’ मानणाऱ्या माणसाला तेवढं कारण पुरलं. खरं कारण असं, की ती सिस्टीम घडवणाऱ्यांच्या यादीत छोटूचं नाव होतं. नोकरी सांभाळून उरलेला वेळ तो तिथेच घालवायचा, हे तिने केव्हाच शोधून काढलं होतं.

तिने ती आपल्या विंडोजच्या मशीनवर बसवली. सगळं सुरळीत चाललं, फक्त अपडेट दर वेळी अर्ध्यावर अडकायचं. फाइल हलवायची परवानगी नाही, एवढंच सांगून गप्प. तिने सिस्टीमच्या फोरमवर तक्रार नोंदवली, ‘जुनी खिडकी’ असं टोपणनाव घेऊन. उत्तर कोणीही दिलं असतं. तिला मात्र एकाच माणसाचं हवं होतं, आणि दुसऱ्या दिवशी त्याचंच आलं.

छोटूने आधी दिलगिरी व्यक्त केली होती. आम्ही सगळे लिनक्सवाले नाहीतर मॅकवाले, त्यामुळे विंडोजकडे दुर्लक्ष होतं, असं त्याने लिहिलं. मग प्रश्न विचारले, नेमके आणि आदबीने. तिने उत्तरं दिली. त्याने अपडेटची सगळी रचना समजावून सांगितली, मध्येच स्वतःच्याच कोडची चेष्टा केली, आणि तुमच्यासारखी तक्रार लिहिता येणं म्हणजे अर्धी दुरुस्तीच, असंही म्हणाला. ते वाक्य तिने दिवसभरात किती वेळा उघडून पाहिलं! फोनवर ज्याच्यापाशी तीन वाक्यं असायची, त्याने जुन्या खिडकीसाठी पानंच्या पानं लिहिली. तिला त्या जुन्या खिडकीचा चक्क हेवा वाटला. म्हणजे स्वतःचाच, पण हेवा तो हेवाच.

खोट तिला लवकरच सापडली. प्रोग्राम एक फाइल उघडत होता आणि ती बंद न करताच हलवायला जात होता. लिनक्सला ते चालतं. विंडोज मात्र कोणी हातात धरलेलं भांडं दुसऱ्याला ओढू देत नाही. आधी फाइल बंद करा, मग हलवा, एवढीच दुरुस्ती. ती करून, तपासून, तिने दाबून ठेवली. कारण दुरुस्ती पाठवली की तक्रार बंद, आणि तक्रार बंद की बोलणं बंद. हाताखालच्या कोणी असा वेळ काढला असता तर तिने त्याची हजेरी घेतली असती. इथे मात्र दुधाची तहान ताकावर भागवत ती खोटे प्रश्न विचारत राहिली. शेवटी आमचंही अपडेट अडकतंय, असं इतर लोक खाली लिहू लागले, तेव्हा तिला स्वतःची लाज वाटली आणि तिने दुरुस्ती पाठवून दिली.

छोटू खूश झाला. फोरमवर आभार मानून त्याने वेगळा खासगी निरोपही पाठवला. “दर नव्या आवृत्तीला आम्ही विचारतो, विंडोजवर कोणी तपासेल का? कोणी पुढे येत नाही. तुम्ही याल का? माझी आई आयुष्यभर विंडोजवरच काम करत आलीय. तिलाच विचारावं असं कितीदा वाटतं. पण तिच्या कामाला मीच नावं ठेवली होती, आता कोणत्या तोंडाने विचारू? फोनवर गोळ्यांची चौकशी करतो आणि ठेवून देतो.”

काखेत कळसा आणि गावाला वळसा, दोघांचाही. ती पुष्कळ रडली. मग तोंड धुऊन आली आणि जुन्या खिडकीच्या नावाने एवढंच लिहिलं, की आईला सध्याच्या कामाबद्दल विचारून तर बघा.

रविवारी फोन आला. जेवण झालं, गोळ्या झाल्या. मग तो खाकरला.

“आई, सध्या कशावर काम चाललंय तुझं?”

ज्या प्रश्नाची तिने वर्षानुवर्षं वाट पाहिली, तो आला होता, आणि तोही तिनेच त्याच्या तोंडी घातलेला. खरं सांगावं तर त्याने परक्या माणसाजवळ मोकळं केलेलं मन आपण चोरून वाचलं, हे उघडं पडणार.

“काही विशेष नाही रे. नेहमीचंच,” ती म्हणाली.

“बरं,” तो म्हणाला. आता तो फोन ठेवणार हे तिला कळलं.

“थांब, ठेवू नकोस. तुमच्याच सिस्टीमवर करतेय. विंडोजवर. अपडेट अडकत होतं.”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

“ती तू होतीस?”

“हो.”

“मग सांगितलं का नाहीस, इतके दिवस?”

“तू बोलत होतास,” ती म्हणाली. “सांगितलं असतं तर थांबला असतास.”

तो नाही म्हणाला नाही. तिच्या कपातला चहा केव्हाच निवला, पण फोन कोणीच ठेवला नाही.