न चाखलेलं मीठ

उझबेकिस्तानातल्या मर्गिलान गावच्या त्या गल्लीत रमजानभर घरोघरच्या स्वयंपाकाची चव एकटी झेबिनिसो सांगायची. बाकी बायकांचे रोजे, आणि हिच्या अंगावर बाळ पीत होतं म्हणून हिला माफी. चमचा पुढे करून शेजारणी विचारायच्या, "सूनबाई, बघ गं, मीठ?" या घरात येऊन दीडच वर्ष झालेलं, अजून तिचं म्हणावं असं काही नव्हतं, पण जीभ मात्र सगळ्यांच्या कामाची होती.

ईदच्या आदल्या दिवशी, शेवटचा रोजा सोडायला, तिच्या सासूबाईंनी, होसियत ओयींनी, गल्लीतल्या बायका बोलावल्या होत्या. अंगणात मोठ्या कढईत पुलाव चढला होता. झेबिनिसोच्या वाट्याला वांगी आली. चकत्यांना मीठ चोळून तिनं कडू पाणी काढलं, त्या धुऊन पिळल्या, तेलात खरपूस तळल्या आणि टोमॅटो-लसणाचा घट्ट रस मध्ये घालत थरावर थर रचले. चाखून पाहिलं तर सगळं अळणी. मीठ घ्यायला हात पुढे करते तोच आत बाळानं टाहो फोडला.

"ओयी, याला पाजून आलेच," म्हणत ती पळाली.

परत येऊन चाखते, तर मीठ अगदी बेतात पडलेलं. चुलीपाशी ओयी हात पुसत होत्या.

"तुम्ही घातलंत मीठ?"

"घातलं. दारात बायका आल्या, तू पेले काढ."

अजान झाली. खजूर, पाणी झालं, नान मोडले गेले, वांग्यांचं ताट जमिनीवर अंथरलेल्या दस्तरखानावर हातोहात फिरलं. पलीकडच्या घरच्या सल्तनत मावशींनी बोटं चाटली.

"मीठ कसं नेमकं पडलंय. होसियत, सुनेची जीभ सोन्याची आहे हो तुझ्या."

झेबिनिसोला भरून आलं. चारचौघींत सासूला मान द्यावा, त्यात आपणही गुणाची दिसावं, असं वाटून ती बोलून गेली, "माझं कसलं, मावशी. मी घातलंच नव्हतं. ओयींनी घातलं, तेही न चाखता."

"तू सांगितलं होतंस, घालायचं राहिलंय म्हणून?"

"नाही."

"मग धुतलेली वांगी अळणी आहेत हे हिच्या हाताला कळलं होय?" मावशींनी डोळे बारीक केले. "होसियत, रोजा तुझा होता की तुझ्या जिभेला सुट्टी होती?"

दोघीतिघी हसल्या, मग नानचे तुकडे चिवडू लागल्या. गेल्या वर्षी रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी सल्तनत मावशींनी रोजे धरले नव्हते, तेव्हा याच अंगणात ओयी म्हणाल्या होत्या, "काहींना गोळ्यांचं निमित्त बरं सापडतं." ते सगळ्यांना आठवलं.

ओयींच्या हातातला पेला तसाच अधांतरी राहिला. झेबिनिसोला रोज दुपारी बंद असलेलं ओयींच्या खोलीचं दार आठवलं. मधुमेहाच्या गोळ्यांची पुडी रजयांच्या थप्पीमागे सरकलेली आठवली. डॉक्टर रोजे नको म्हणाले होते आणि ओयींनी ते हसण्यावारी नेलं होतं. महिनाभर सासूनं जे झाकलं, ते हिनं कौतुकाच्या हव्यासापोटी चव्हाट्यावर आणून ठेवलं होतं.

"मीच घातलं, मावशी," ती मान खाली घालून म्हणाली. "चाखलंही मीच. सासूची स्तुती केली की तुम्ही मला चांगली म्हणाल, म्हणून खोटं बोलले."

"अगं बाई, म्हणजे जिभेवर मीठच नाही, लोणीही आहे," मावशी म्हणाल्या, आणि सगळ्या खिदळल्या. "ईदच्या तोंडावर खोटं बोलतेस?"

ओयी हसल्या नाहीत. "बाळ रात्र रात्र जागवतं तिला," दस्तरखानाकडे बघत त्या एवढंच म्हणाल्या. वांग्यांना मात्र त्यांनी हात लावला नाही.

बायका गेल्यावर झेबिनिसो भांडी घासायला बसली. माफी मागावी, तर 'मला कळलंय' असं तोंडावर सांगितल्यासारखंच. ओयी बाळाला खांद्यावर थोपटत मागे येऊन उभ्या राहिल्या, तरी तिची मान वर होईना.

"सकाळी आणखी वांगी कर," ओयी हळू आवाजात म्हणाल्या. "सल्तनतकडे मीच घेऊन जाईन. गेल्या वर्षीचं एक बोलणं राहिलंय तिच्याशी."

झेबिनिसो वांग्यांचं तेच ताट पुन्हा पुन्हा घासत राहिली.

"मीठ तू घाल. चाखीन मी. उद्या सगळ्यांनाच मुभा आहे." बाळाचं डोकं त्यांनी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. "आणि ते ताट ठेव आता. घासून घासून भोक पाडशील."