सांध्यातली फट

भागिरथाबाईचा कुत्रा ठाणेदार तीन पायांवर उभा राहायचा आणि चौथा नुसता टेकवून दाखवायचा. किन्हीराजा गावात सगळे म्हणत, सोंग करतो. भागिरथाबाईही तेच म्हणायची. का नाही म्हणणार? मालेगावच्या पौर्णिमा डॉक्टरीणबाईंनी पोळ्याच्या आधी त्याच्या गुडघ्यात कॅमेरा घालून पाहिला होता, तुटलेली शीर साफ केली होती, अन् छातीठोक सांगितलं होतं, "आतून सारं ठीक हाय, मावशी. आता लाड करू नका, रोज चालवा."

मग काय, तिनं चालवला. रोज सकाळी पार शेताच्या धुऱ्यापर्यंत, नीलगाई हाकायला. तो बसला की पट्टा ओढायची. "चाल, कामचोरा! रोही तूर खाऊन राह्यले अन् तू बसून राह्यला?" 'चाल' म्हटलं की बिचारा उठायचा. कण्हायचा, पण उठायचा. गुडघ्याची सूज मात्र उतरायचं नाव घेईना. शेवटी त्याला ऑटोत घालून ती पुन्हा मालेगावला आली.

आता ती दाराच्या काचेतून आतला कॅमेऱ्याचा पडदा बघत उभी होती. ठाणेदार औषधानं झोपला होता, जीभ बाहेर काढून. या खेपेला डॉक्टरीणबाईंची तऱ्हाच वेगळी. मांडीच्या हाडात एक सळई, खालच्या नळीत एक, अन् दोन्हींना धरून एक मळसूत्र. मदतनीस संघपाल ते फिरवू लागला, तशी पडद्यावर दोन हाडांमधली फट हळूहळू उघडत गेली. एवढं ताणल्यावर पाय राहील का जागेवर?

"थांब," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि बघतच राहिल्या. फटीत, अगदी मागच्या बाजूला, फाटक्या चिंधीसारखं काहीतरी लोंबत होतं. ते त्यांनी कातरून काढलं, सळया काढल्या, पाय बांधला. बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता.

"मावशी, दोन हाडांच्या मधात गादी असते. ते फाटून मुडपली होती. चालला का तेच चिमटत होती."

"कवापासून?"

"पयलेपासूनच. मागच्या खेपेले आमी पाय नुसता हातानं ओढला. जास्त ताणायले मी भेली. फट उघडली नाही, मले दिसलं नाही, अन् मी ठीक हाय म्हणून सांगून बसली. चूक माही हाय."

भागिरथाबाईच्या अंगाचा भडका उडाला. "नाही दिसलं तं नाही दिसलं म्हनाचं! ठीक हाय कायले म्हनलं, वं? मुक्या जीवाले मी फरफटत नेलं ना!"

ते शेवटचं वाक्य तोंडून गेलं आणि तिचं तिलाच लागलं. डॉक्टरीणबाईंनी चुकीचं सांगितलं, खरं. पण पट्टा कोणाच्या हातात होता? तो कण्हायचा ते कोणाला ऐकू यायचं? तिला रडू कोसळलं.

"आता चालन का तो?" तिनं पदरानं डोळे पुसत विचारलं.

"चालन. पण आता काही दिवस त्याले उठूच देऊ नका."

ती आत जाऊन ठाणेदाराच्या डोक्याशी बसली. त्याचे डोळे अर्धवट उघडले होते, पण ओळख नव्हती. संघपालनं दारातून हाक मारली, "चाल वं मावशी, चहा घे."

ठाणेदाराचा कान हलला. मान वर झाली. पुढचे दोन्ही पाय रेटून, बांधलेला पाय मागे घसरत असताना, तो उठू लागला.

"नको रे बापा, तुले नाही म्हनलं," भागिरथाबाईनं त्याच्या गळ्यात हात घातले. "बस. बस म्हनलं ना."

'बस' हा शब्द तिनं त्याला कधी शिकवलाच नव्हता. तो उठतच राहिला.