गेरूच्या तीन खुणा

मी एक जुना दरवाजा आहे. सागाच्या तीन फळ्या, मागे दोन आडव्या पट्ट्या आणि एक लोखंडी कडी, एवढाच माझा संसार. पेठ तालुक्यातल्या एका डोंगरी पाड्यावर सुलाबाईच्या घराला मला बसवलं, त्याला वीस वर्षं होऊन गेली. मित्रांनो, मला कुरकुरायची सवय आहे. पाड्यावरची पोरं त्यावरून माझी चेष्टा करतात. पण माझ्या अंगावर गेरूच्या तीन खुणा आहेत, त्यांना कोणी हसत नाही. मला त्यांचीच गोष्ट सांगायची आहे. ती चांगली गोष्ट नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

झिपरू सुतारानं मला घडवलं तेव्हा सुलाबाईचा नवरा सहादू दिवसभर समोर बसून होता. भिंती कुडाच्या असल्या तरी दरवाजा सागाचाच हवा, असा त्याचा हट्ट होता. मला बसवल्यावर त्यानं सात-आठ वेळा उघडून मिटून पाहिलं. शेजारपाजारचे लोक मुद्दाम बघायला आले. कौतुकानं मी तेव्हा फुगलो होतोच, आणि पावसाळ्यात तर खरोखरच फुगायचो. मग खांदा लावून ढकलल्याशिवाय मी उघडत नसे.

काही वर्षांनी सहादूच्या पाठीवर चट्टा उठला. हळूहळू हाताची बोटं वाकडी झाली. महारोग आहे हे कळताच लोकांची पावलं माझ्यापर्यंत येईनाशी झाली. लोक लांब अंगणातूनच हाक मारत. औषध उशिरा सुरू झालं आणि पुढं एका उन्हाळ्यात तापाचं निमित्त होऊन सहादू गेला. तेव्हापासून सुलाबाईच्या मनात एकच भीती बसली. दुखणं पुन्हा या दारातून आत येईल, असं तिला सारखं वाटे.

नव्व्याण्णव साली महारोगाची पाहणी करायला एक तरुण डॉक्टर आले. ओट्यावर बसून ते पाणी प्याले, याचंच सुलाबाईला केवढं वाटलं! तिचा मुलगा मंगळू तेव्हा लग्नाचा झाला होता. तिनं विचारलं, “सायेब, उद्या माझ्या मंगळूला पोर झालं, तर त्याला बी ह्ये दुखणं व्हईल का?”

“आजी, जन्मल्यावर पोराच्या दंडावर सुई देतात ना, ती टीबीची,” डॉक्टर म्हणाले. “पण तिनं महारोगापासूनही थोडीफार राखण होते, असं दिसून आलंय.”

“म्हंजी एका दुखण्याची सुई दुसऱ्याला बी चालती?”

“काही वेळा. थोडीफार.”

डॉक्टर खरं तेच बोलले. पण ‘काही वेळा’ आणि ‘थोडीफार’ हे शब्द सुलाबाईनं ओट्यावरच ठेवले आणि उरलेलं वाक्य घेऊन ती घरात आली. मी ते ऐकलं आणि सवयीनं कुरकुरलो. दरवाजाच्या कुरकुरीला कोण विचारतो?

दोन हजार एकच्या जानेवारीत मंगळू आणि त्याची बायको आशा यांना मुलगी झाली. तिचं नाव पायल. तिच्या दंडावर ती सुई झाली आणि सुलाबाईचा जीव भांड्यात पडला. त्याच वर्षी पोलिओचे थेंब द्यायला बाया घरोघर फिरू लागल्या. घरातल्या सगळ्या पोरांना थेंब मिळाले की त्या दारावर खडूनं इंग्रजी पी काढत. कोणी राहिलं तर फुली. पायलनं पहिल्यांदा थेंब घेऊन तोंड वेडंवाकडं केलं आणि माझ्या मधल्या फळीवर पहिली पी उमटली. मला अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू!

सुलाबाईला ती खूण फार आवडली. खडू पुसट होऊ लागला तशी तिनं गेरू भिजवला आणि खूण बोटानं पक्की केली. ऑक्टोबरपर्यंत माझ्यावर अशा तीन खुणा झाल्या होत्या. येणाऱ्याजाणाऱ्याला ती दाखवायची. “तीनदा राखण झाली माझ्या पोरीची,” म्हणायची. तिच्यासाठी त्या थेंबांच्या खुणा राहिल्याच नव्हत्या. तिनं मला घराचा पहारेकरी करून टाकलं होतं. पण मित्रांनो, मी नुसतं लाकूड आहे. मला मांजर अडवता येत नाही.

ऑक्टोबरात उपकेंद्राच्या नर्स लताबाई आल्या. त्यांनी पायलचं कार्ड बघितलं. “बाकीच्या सुया झाल्यात. आता नऊ महिने भरले, गोवराची तेवढी राहिली. गुरुवारी लस घेऊन येते.”

“सोमवारी जीप येती, ताई,” आशा म्हणाली. दिंडोरीकडच्या द्राक्षबागांवर छाटणीसाठी मुकादमाची जीप माणसं न्यायची, ती थेट द्राक्षं काढून होईपर्यंत तिकडंच राहायची.

“मग चार दिवस मागून जा. नाहीतर तिकडच्या दवाखान्यात हे कार्ड दाखवा. पण चुकवू नका.”

लताबाई गेल्या. सोमवारी उजाडताच जीप आली. माझी चौकट आणि भिंत यांच्यामध्ये एक फट आहे, घरातले कागद तिथंच खोचलेले असतात. आशानं कडेवर पायलला घेतलं आणि फटीतल्या कार्डाकडं हात नेला.

“राहू दे,” सुलाबाई म्हणाली. “तिकडं कुडात हरवंल. आन कशाला पोरीला पुन्यांदा टोचायचं? दंडावरची सुई हाय. तीन येळा थेंब झालं. सायेब माझ्यासमोर बोलला, एक दुसऱ्याला चालती. गोवराला काय लागतंय?”

आशाचा हात क्षणभर तसाच राहिला. मुकादमानं हॉर्न वाजवला. ती हात मागं घेऊन निघाली. तेवढ्या एका क्षणी मला बोलता आलं असतं तर! त्यानंतरच्या हिवाळ्यात वारा सुटला की ते कार्ड फटीत फडफडायचं. मला ते नको व्हायचं.

फेब्रुवारी संपताना बागेवरून बातमी आली, की मजुरांच्या झोपड्यांत पोरं तापली आहेत, अंगावर पुरळ आहे. चौथ्या दिवशी मंगळू आणि आशा एसटीनं पायलला घेऊन आले. पोरीचे डोळे लाल, चेहरा पुरळानं भरलेला. सुलाबाईनं तिच्याकडं बघितलं, मग माझ्यावरच्या तीन खुणांकडं बघितलं, आणि कडुलिंबाचा डहाळा माझ्या कडीला बांधला. डहाळा दिसला की पाड्यावरचं कोणी घरात येत नाही. सहादूच्या वेळची शांतता पुन्हा माझ्यासमोर येऊन बसली.

लताबाई मात्र आल्या. त्यांनी पोरीला अ जीवनसत्त्वाचं औषध पाजलं आणि निघताना बजावलं, “पुरळ गेलं म्हणजे संपलं असं समजू नका. गोवर जाताना पोराची ताकद घेऊन जातो. पुढचे दोन महिने जपायचे. खोकला झाला, जुलाब झाले, की लगेच दवाखाना.”

पुरळ काळवंडलं, गळून गेलं. सुलाबाईनं पायलला न्हाऊ घातलं, देवीला नैवेद्य दाखवला, डहाळा सोडून ओढ्यात टाकला. मंगळू पुन्हा बागेवर गेला. पायल माझी चौकट धरून उभं राहायला शिकली. सगळे हसू लागले. मला मात्र तिचा हात फार हलका लागायचा. पूर्वी ती मला थापा मारायची, आता नुसती टेकायची.

तीन आठवड्यांनी तिला खोकला सुरू झाला. “वारं लागलं आसंल,” असं म्हणण्यात दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी आशानं कोणाला न विचारता तिला उचललं. माझ्यातून बाहेर पडताना पोरीची छाती श्वासागणिक आत ओढली जात होती. सुलाबाई मागून धावली. त्या दोघी संध्याकाळी परत आल्या तेव्हा पायल गेली होती. तिची चादर आशाच्या हातात घडी केलेली होती.

लताबाई भेटायला आल्या. सुलाबाई मला टेकून बसली होती. “तीन खुणा व्हत्या, बाई,” ती म्हणाली. “मी गेरूनं पक्क्या केल्या व्हत्या.”

“ते थेंब पोलिओचे, सुलाबाई. पोलिओ झाला नाही तिला.”

“मंग डॉक्टर काय बोलला व्हता? एका दुखण्याची सुई दुसऱ्याला बी चालती म्हनून?”

लताबाई तिच्याशेजारी बसल्या. मग खाली बघत म्हणाल्या, “ते थोडंफार असतं, वरकड असतं. त्यावर पोर सोडायचं नसतं. आणि खरं सांगू का? गोवर झालेली पोरं मागाहून खोकल्यानं, जुलाबानं जातात. दुसऱ्या दुखण्यांपासून वाचवणारी सुई हवी होती ना तुम्हाला? ती गोवराचीच होती.”

आशा उठली. तिनं फटीतलं कार्ड काढलं आणि त्यातला रिकामा चौकोन सासूसमोर धरला. सुलाबाईला वाचता येत नाही. पण रिकामं काय आहे ते तिला कळलं.

पुढच्या फेरीला थेंबांच्या बाया आल्या. त्यातली एक पोरगी नवी होती. तिनं विचारलं, “लहान मूल कोणी?”

“कोनी नाय.”

पोरीनं वहीत लिहिलं, खडू काढला आणि माझ्यावर पी काढली.

“अगं बाई, घरात पोर नाय, मग ही खूण कशाला?” सुलाबाईनं विचारलं.

“पोर नसलं तरी हीच असते, आजी. म्हणजे इथं कोणी राहिलं नाही.”

ती पुढच्या घरी गेली. सुलाबाईनं लुगड्याचा पदर ओला केला आणि मला पुसायला लागली. खडू लगेच गेला. गेरू गेला नाही. ती दगडानं घासत राहिली, माझ्या फळीला चरे पडले, पण गेरू लाकडात मुरला होता.

मित्रांनो, खुणांवर विसंबू नका आणि अर्ध्या ऐकलेल्या वाक्यावर तर मुळीच नका. ज्या दुखण्याची लस, तिचा भरवसा त्याच दुखण्यापुरता. त्याहून जास्त मिळालं तर ते नशीब. आपल्या घरातलं कार्ड काढा, एकही चौकोन रिकामा ठेवू नका.

आता दर वर्षी जीप यायच्या आठवड्यात सुलाबाई मला टेकून बसते. कडेवर पोर घेऊन जाणाऱ्या प्रत्येक बाईला ती थांबवते. बाई घाईत असते, म्हणते, “झाल्या, मावशी, सगळ्या सुया झाल्या.” सुलाबाई तिचा पदर सोडत नाही. “सगळ्या नको सांगू,” ती म्हणते. “गोवराची झाली का, ते सांग.”