चिमणीएवढी

वाऱ्याने टेपचं टोक गाडीच्या पुढच्या बंपरला टेकवलं आणि शोरूममधल्या मुलीला म्हणाला, "धर बरं घट्ट. सोडू नकोस."

मुलगी नोकरीला नवी होती. गाडी घ्यायला आलेला माणूस रंग विचारतो, मायलेज विचारतो, हे तिला शिकवलं होतं. खिशातून टेप काढतो, हे कुणी सांगितलं नव्हतं. ती मुकाट्याने खाली बसली आणि तिने टोक धरलं. वाऱ्या पट्टी उलगडत गाडीच्या मागच्या टोकापर्यंत गेला, वाकला, चष्मा कपाळावर सरकवून त्याने आकडा वाचला.

"चार मीटर आणि वर एक वीत. आणि हिला तुम्ही छोटी म्हणता?"

"सर, फॅमिलीसाठी सगळे हीच—"

"तीस वर्षांपूर्वी ह्याच नावाची गाडी होती माझ्याकडे. ती हिच्या पोटात मावली असती. वर दोन पाहुणे बसले असते."

"तीस वर्षांत आपण तरी कुठे तेवढेच राहिलोय?" मागून सोफ्यावरून त्याची बायको म्हणाली. "माझे तेव्हाचे कपडे आता माझ्या दंडालासुद्धा बसायचे नाहीत."

मुलगी हसली आणि हसल्याबद्दल लगेच ओशाळली. वाऱ्याने टेप सोडला. तो सळसळत मागे गेला.

वाऱ्या हे त्याला कारखान्यात पडलेलं नाव. गाड्यांच्या कारखान्यात तो एकतीस वर्षं चाचणी चालक होता. नवी गाडी बाजारात जायच्या आधी तिला कारखान्यामागच्या गोल रस्त्यावर जीव खाऊन पळवायची, खड्ड्यांतून आपटायची, पाण्यातून काढायची, आणि उतरल्यावर तिची दुखणी साहेबांना सांगायची, हे त्याचं काम. वेग अंगात इतका मुरला की जेवायलासुद्धा तो घाईघाईने बसायचा. त्याच्या बायकोला मात्र सगळी वस्ती 'सिस्टर' म्हणे. ती घरोघर जाऊन आजाऱ्यांना पाहणारी परिचारिका होती. सगळ्या जगाने बायकोला सिस्टर म्हणावं आणि आपल्याला तेवढं एकच नाव तोंडातून काढता येऊ नये, याची वाऱ्याला जन्मभर गंमत वाटत आली होती.

त्यांची पहिली गाडी म्हणजे आत्ता टेपने मोजलेल्या ह्या गाडीची पूर्वज. घरात तिला 'चिमणी' म्हणत. खरं तर ती सिस्टरचीच होती. मागच्या सीटवर औषधांची पेटी टाकून ती गल्लीबोळांतून दिवसाला पंधरा घरं करायची, आणि कुठेही, दोन हातगाड्यांच्या मधेसुद्धा, ती गाडी उभी करून दाखवायची. पुढे वाऱ्याला बढती मिळाली आणि मोठी गाडी आली. मग त्याहून मोठी. शेवटी, निवृत्त होताना, सहा सिलिंडरची ती काळी गाडी. नुसतं पाऊल टेकवलं की पाठ सीटला चिकटवणारी. दर गाडीसरशी बायकोचं चालवणं थोडं थोडं कमी होत गेलं. चिमणी ती रोज चालवायची, दुसरी बाजारापुरती, तिसरी कधीमधी. काळ्या गाडीच्या चाकामागे ती एकदाच बसली होती. "अहो, हिचं नाक कुठे संपतं तेच दिसत नाही मला," असं म्हणून उतरली, ती कायमची शेजारच्या सीटवर गेली. वाऱ्याला त्यात वावगं काही वाटलं नव्हतं. चालवणारा घरात असताना तिने कशाला त्रास घ्यायचा?

आता मात्र त्या काळ्या गाडीचं तिच्याशी जमेनासं झालं होतं. तीन महिन्यांपूर्वी तिचा डावा गुडघा धरला. गाडी बसकी, आत शिरायचं तर आधी पाठ टेकवायची, मग पाय उचलून आत घ्यायचा, आणि उतरताना वाऱ्याचे दोन्ही हात धरून त्याच्या "ऊठ, ऊठ, ऊठ"सरशी बाहेर यायचं. आजही शोरूमच्या दारात तो कार्यक्रम झाला होता. रखवालदारसुद्धा मदतीला धावला होता.

"गाडी बदलू या," असं तिनेच महिन्यापूर्वी सुचवलं होतं. "छोटी घेऊ. जरा उंच सीटची. माझ्या गुडघ्यासाठी हो."

तिसऱ्या दिवशी वाऱ्याने काळी गाडी धुतली, पुसली, आणि चहा पिताना म्हणाला, "बरं." बायकोसाठी एवढं करायचं नाही तर मग करायचं कुणासाठी? आपण मोठं काहीतरी सोडतो आहोत, ही भावना त्याला बोचतही होती आणि, खोटं कशाला बोला, थोडी सुखावतही होती.

"ती कोपऱ्यातली पाहा ना," बायको सोफ्यावरून म्हणाली.

कोपऱ्यात एक पिवळी गाडी होती. तिचं नाव वाऱ्याने कधी ऐकलेलं नव्हतं. त्याने पुन्हा टेप काढला. मुलीने न सांगताच टोक धरलं.

"साडेतीन मीटर. त्यात दोन बोटं कमी." "बरोबर चिमणीएवढी."

"म्हणजे सर?"

"म्हणजे असं बघ, पोरी." आता त्याची कळी खुलली. "गाड्या वाढतात. पोरांसारख्या. नवं मॉडेल आलं की ते आधीच्यापेक्षा चार बोटं लांब असायचंच. दारं जाड करायची, पाय पसरायला जागा द्यायची, शेजाऱ्यापेक्षा आपली मोठी दिसायला हवी, शंभर कारणं. अशी वाढत वाढत छोटी गाडी मोठी होऊन बसते. मग कंपनीच्या लक्षात येतं, अरेच्चा, आपल्याकडे छोटी उरलीच नाही. मग खाली एक नवीन बाळ आणतात. आणि मग तेही वाढायला लागतं. माझ्या डोळ्यांदेखत तीन पिढ्या झाल्या."

डोळ्यांचं नाव निघताच बायकोने पर्समधला रुमाल काढून विनाकारण नाक पुसलं. वाऱ्याचं तिकडे लक्ष नव्हतं.

काळी गाडी शोरूमवाले बदल्यात घेणार होते. त्या कागदांवर सह्या करायला वाऱ्याला आत मॅनेजरच्या काचेच्या खोलीत बोलावलं. मॅनेजर एकेक कागद पुढे सरकवत होता, वाऱ्या सह्या करत होता. पाचव्या कागदाला त्याने मान वर केली आणि काचेतून सहज बाहेर पाहिलं.

बायको पिवळ्या गाडीपाशी होती. तिने दार उघडलं, एका झोक्यात चाकामागच्या सीटवर बसली, सीट पुढे ओढली, आरसा नीट केला. मग डाव्या पायाने क्लच तळापर्यंत दाबला. सोडला. पुन्हा दाबला. गिअर टाकला, काढला. तिचा चेहरा पंधरा घरं करणाऱ्या बाईचा होता. मग ती टुणकन खाली उतरली, गाडीला एक वळसा घातला, मागचा टायर बुटाने दाबून पाहिला, आणि खोलीकडे नजर जाताच एकदम लंगडत सोफ्यापर्यंत गेली आणि त्याचा हात धरून खाली बसली.

वाऱ्याचं पेन कागदावरच थांबलं.

"काही चुकलं का सर?" मॅनेजरने विचारलं.

"नाही. शाई..." वाऱ्या म्हणाला आणि त्याने सही पूर्ण केली.

तेवढ्यात ती मुलगी पाणी घेऊन आत आली. ग्लास ठेवता ठेवता कौतुकाने म्हणाली, "मॅडम काय मस्त चालवतात हो! गेल्या मंगळवारी आल्या होत्या ना, तेव्हा मीच बरोबर गेले होते. बाजारातून, गर्दीतून, कुठे म्हणून हॉर्न नाही."

"मंगळवारी," वाऱ्या म्हणाला.

"हो, रिक्षाने आल्या होत्या. गुडघ्याचं काही बोलल्या नव्हत्या तेव्हा. आजच दुखावला का?"

वाऱ्याने ग्लास उचलला आणि सगळं पाणी पिऊन टाकलं. मंगळवारी बायको मैत्रिणीकडे गेली होती. निदान तसं सांगून गेली होती.

गुडघा धरला तो दिवस त्याने आठवून पाहिला. त्याच्या चार दिवस आधी एक सायकलवाला गाडीपुढे आला होता. डाव्या बाजूने. बायको किंचाळली म्हणून पाय ब्रेकवर पडला, नाहीतर... "कुठून उगवतात ही माणसं!" असं वाऱ्या ओरडला होता. त्याआधी फाटकाला आरसा घासला होता, तेव्हा त्याने फाटकाला शिव्या घातल्या होत्या. आणि त्याआधी चहाचा कप. तो टेबलाच्या डाव्या कडेला होता, कोपर लागून फुटला, आणि बायकोने काचा गोळा करता करता त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं होतं, रोग्याकडे पाहतात तसं, क्षणभरच. दुसऱ्या दिवशी म्हणाली होती, "अहो, एकदा डोळे दाखवून येऊ या का?" आणि तो केवढ्यांदा खेकसला होता तिच्यावर! एकतीस वर्षं ह्या डोळ्यांवर भाकरी खाल्ली, आता तू मला शिकवणार का, असं काहीसं. तिने पुन्हा विषय काढला नव्हता. तिचा गुडघा दुखू लागला होता.

"सर, इथे शेवटची," मॅनेजर म्हणाला.

वाऱ्याने शेवटची सही केली.

बाहेर आवारात काळी गाडी उन्हात उभी होती. तिच्या कप्प्यातले कागद, छत्री, गोळ्यांची डबी असं किडूकमिडूक वाऱ्याने पिशवीत भरलं. दार लावलं. ते दार लागताना जो जाड, मऊ आवाज यायचा, तो ऐकायला त्याने ते पुन्हा उघडून लावलं. बायको जरा लांब उभी राहून त्याच्याकडे पाहत होती.

"वाईट वाटतंय का हो?"

"वाटणारच. पण खरं सांगू? मलाही ती जड व्हायला लागली होती."

तिने चमकून पाहिलं. तो पिशवीचे बंद बांधत होता.

पिवळी गाडी तयारच होती. त्याच दिवशी मिळाली. मॅनेजरने चावी वाऱ्याच्या हातात दिली, मुलीने फोटो काढला, चारदोन लोकांनी टाळ्या वाजवल्या. वाऱ्या गाडीला वळसा घालून गेला, चाकाच्या बाजूचं दार उघडलं आणि तसाच उभा राहिला.

"बस," तो बायकोला म्हणाला.

"अहो, पण माझा गुडघा..."

"क्लच हलका आहे म्हणतात." त्याने चावी तिच्या तळहातावर ठेवली आणि तिची बोटं मिटवली. "आणि मला आज बाहेर बघत जायचंय. कधी बघितलंच नाही गं मी. जन्मभर नुसता रस्ता पाहिला."

ती त्याच्याकडे बघतच राहिली. मग गुडघ्याला हातही न लावता चाकामागे बसली.

शेजारच्या सीटवर वाऱ्याला पाय कुठे ठेवावेत कळेना. पहिल्या वळणावर त्याने नसलेला ब्रेक दाबला. बायकोने ते पाहिलं आणि ओठ दाबून हसली. गाडी बारीक आवाजात चालली होती, एखादं शिलाई मशीन चालावं तसं. तिचा कोपर त्याच्या कोपराला लागत होता. वाऱ्याने आपला हात काढून घेतला नाही.

बाजाराच्या तोंडाशी तिने ब्रेक दाबला. गाडी हळूच थांबली. वाऱ्या विचारणार होता काय झालं म्हणून, तोच डावीकडून पाटी डोक्यावर घेतलेली एक बाई आणि तिच्या मागे दोन पोरं गाडीच्या पुढून रस्ता ओलांडून गेली. ती समोर येईपर्यंत त्याला दिसलीच नव्हती. एकही नाही.

पोरं पलीकडे पोचली. मागच्या गाडीने हॉर्न दिला, तरी बायकोने लगेच गाडी काढली नाही. वाऱ्या आपल्या हातांकडे पाहत होता.

"ते डोळ्यांचे डॉक्टर," तो म्हणाला. "तू म्हणाली होतीस ते. ते इकडेच कुठे बसतात ना?"

"पुढच्या चौकातून उजवीकडे."

"आधी वेळ घ्यावी लागत असेल."

"घेतलेली आहे."

"कधीची?"

बायकोने गिअर टाकला आणि गाडी पुढे घेतली. तिची नजर रस्त्यावरच होती.

"दर महिन्याला घेते हो मी. आदल्या दिवशी फोन करून रद्द करते." चौक जवळ आला, तशी तिने उजवीकडे वळायची खूण दिली. "ह्या वेळी फोन करायचं राहून गेलं."